दोन रात्रींच्या ट्रेकसाठी ठिकाण कसं निवडावं: आधी महिना, मग पाणी, नाव शेवटी

प्रश्न असा आहे: चौघांचा गट, पुण्या-मुंबईचा. लोहगड, तिकोना, राजमाची असे ट्रेक झालेत. आता नोव्हेंबर-डिसेंबरात पाठीवर सॅक घेऊन दोन रात्री डोंगरात काढायच्या आहेत. सगळ्यात सुंदर देखावा कुठे मिळेल आणि ठिकाण कसं निवडायचं?

सुंदर ठिकाणांच्या याद्या भरपूर मिळतात आणि त्यातली बहुतेक ठिकाणं खरोखरच सुंदर असतात. फक्त फोटो कुठल्या महिन्यात आणि किती वाजता काढलाय हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. सह्याद्रीत सगळं त्यावरच अवलंबून आहे. सप्टेंबरअखेरीला सोनकीने पिवळाधमक झालेला रतनगड एप्रिलमध्ये करपलेला असतो, आणि जुलैत त्याच माथ्यावर उभं राहिलात तर पाच फुटांपलीकडचा दगड दिसत नाही. म्हणून नावापासून सुरुवात करू नका. महिना, उजेड, पाणी, मुक्काम आणि अंतर या क्रमाने गाळत आलात की दोन-तीनच नावं उरतात आणि ती सहसा बरोबर निघतात.

महिन्यांचा हिशोब थोडक्यात असा. जून ते मध्य सप्टेंबर धबधबे आणि हिरवाई असते, पण घाटमाथा ढगात असतो. त्या दिवसांत कड्यावर जाऊन काही दिसत नाही, पदरातून, म्हणजे डोंगराच्या मधल्या पायरीवरून, किंवा दरीच्या तळातून वर बघायची ठिकाणं घ्यावीत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर म्हणजे फुलं, स्वच्छ हवा आणि गडावरची खडकात खोदलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली. मात्र गवत कमरेएवढं, वाटा बुजलेल्या आणि दुपारचं ऊन कडक. नोव्हेंबर ते जानेवारी हा पाठीवर ओझं घेऊन चालण्याचा खरा हंगाम. फेब्रुवारीपासून पाणी आटत जातं, कोकणात राब भाजायला, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळायला सुरुवात होते, वणवे लागतात आणि दूरचं सगळं धुरकट होतं. मार्च-एप्रिलमध्ये लांबवरच्या देखाव्यासाठी डोंगर चढू नये, पदरी निराशा येते.

तुमच्या दोन महिन्यांतही फरक आहे. पावसाने हवा धुतलेली असते, म्हणून नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा लांबवरचं बघण्यासाठी सर्वोत्तम. गवत पिवळं झालेलं असतं पण वाळून मोडलेलं नसतं, ओढ्यांना थोडी धार असते. डिसेंबरअखेर थंडी अप्रतिम, पण पहाटे थंड हवा खाली बसते आणि तिच्याबरोबर धूर-धूळही खालीच कोंडते. माथा लख्ख आणि कोकण पांढुरकं, असं नऊ-दहापर्यंत राहतं. दोन्ही महिने मोकळे असतील तर नोव्हेंबर घ्या.

आता उजेड. ठिकाण निवडताना याचा विचार फार कमी लोक करतात, आणि फोटोत पाहिलेलं दृश्य प्रत्यक्षात न मिळण्याचं मुख्य कारण हेच असतं. सह्याद्रीची धार साधारण उत्तर-दक्षिण जाते आणि तिचे कडे पश्चिमेला कोकणात कोसळतात. सकाळी कड्याच्या काठावर उभं राहिलात तर सूर्य पाठीशी असतो. खालचं कोकण, शेतं, वाड्या उजेडात असतात, पण ज्या कड्यावर तुम्ही उभे आहात त्याचा चेहरा सावलीत असतो. दुपारी तीननंतर हे उलटतं: कातळ तांबूस-सोनेरी होऊन उजळतो, आणि कोकण सूर्यासमोर येऊन धूसर होतं. म्हणजे कडाच बघायचा असेल तर संध्याकाळी, आणि तोही कड्याच्या नाकावर उभं राहून न बघता बाजूच्या सोंडेवरून तिरपा बघायचा. दरी बघायची असेल तर सकाळी.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा इथे चांगलं उदाहरण आहे. हा कडा नालासारखा आत वळलेला आहे आणि त्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकलेला आहे. त्यामुळे मधोमध उभं राहून वाकून बघितलं तर कड्याची भिंत दिसतच नाही, नुसती खोली दिसते. काठाने एका टोकाकडे चालत गेलात की समोरच्या बाजूची आख्खी कमान डोळ्यांत भरते. वाऱ्याच्या दिवशी खालून वर येणारा झोत इतका जोरदार असतो की काठाशी उभं राहू नये. पालथं झोपूनच खाली बघावं, आणि पाय कोणीतरी धरावेत. सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत ढग असले तर ढगावर स्वतःची सावली पडून तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. हेच इंद्रवज्र. १९व्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या या दृश्याची नोंद करून ठेवली आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ते सकाळीच दिसू शकतं, आणि त्याला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: मागची टेकाडं ओलांडून वर आलेला पण अजून खालीच असलेला सूर्य, दरीत काठाच्या खाली राहिलेले ढग, आणि तुम्ही अगदी काठाजवळ असणं. पावसाच्या उघडिपीत आणि पाऊस सरताना ही जुळणी होते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्याची आशा धरून जाऊ नका.

उजेडाच्या या हिशोबातून ठिकाणांचे दोन गट पडतात. कोकणकडा, नाणेघाट, ढाकोबा ही धारेवरची ठिकाणं: देखावा एकाच बाजूला, पण खोल. राजगड, तोरणा, साल्हेर हे धारेपासून सुटे किंवा आडव्या रांगेवरचे किल्ले: देखावा चहूबाजूंनी, सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही मिळतात, पण कोकणकड्यासारखी पोटात गोळा आणणारी खोली नाही. दोन रात्री असतील तर एक मुक्काम या जातीचा आणि एक त्या जातीचा अशी आखणी करावी. एकाच कड्यावर दोन संध्याकाळी काढण्यापेक्षा ते खूप समाधान देतं.

पाणी ही पुढची चाळणी, आणि इथे नावं सर्वांत जास्त गळतात. हिवाळ्यात ओझ्यासह चालताना माणशी तीन लिटर लागतं, ऑक्टोबरच्या उन्हात चार. रात्रीचा स्वयंपाक, सकाळचा चहा आणि भांडी धुणं मिळून माणशी आणखी दोन लिटर धरा. म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी पाणी नसेल तर चौघांना आठ लिटर, म्हणजेच आठ किलो, वर वाहून न्यावं लागतं. एवढं ओझं वाढलं की चालण्याचा वेग तर पडतोच, शिवाय कातळटप्प्यावर तोल जातो. म्हणून मुक्काम नेहमी पिण्याच्या टाक्यापाशी. गडावर टाकी दहा असतात, पिण्याचं पाणी एक-दोनांतच असतं. बाकीच्यांत शेवाळ, पानं, कधी मेलेलं माकड. खडकात आत खोदत नेलेल्या, खांब असलेल्या, सावलीतल्या टाक्याचं पाणी उघड्या टाक्यापेक्षा जास्त टिकतं आणि स्वच्छ राहतं. तरी ते उकळूनच प्यावं, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं. कोणतं टाकं चालू आहे हे पायथ्याच्या गावातच विचारायचं. मागच्या वर्षीच्या कुणाच्या वर्णनावर विसंबलात की फसलात, कारण गाळ काढला नाही की तेच टाकं पुढच्या वर्षी निकामी होतं.

मुक्कामाचा नियम ठिकाणागणिक वेगळा आहे आणि तो बदलत असतो. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं, आणि अभयारण्यात आग पेटवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे शेकोटी विसरा. संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व खातं रात्रीच्या मुक्कामाला मनाई करू शकतं, करतंही. २०२५ साली राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून तर आधी विचारूनच निघावं. वासोट्याचं नाव प्रत्येक यादीत असतं आणि जागा खरंच देखणी आहे, बामणोलीहून शिवसागर जलाशयातला बोटीचा प्रवासच सुंदर. पण तो कोयना अभयारण्यात आहे, वर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात बंद असतो. तुमच्या दोन रात्रींसाठी तो बाद. परवानगी नसेल तिथे चोरून राहू नका. एका गटाच्या पसाऱ्यामुळे पुढच्या सगळ्यांचा मुक्काम बंद होतो.

मुक्काम बंद असला तरी ट्रेक बुडत नाही. पायथ्याच्या वाडीत राहून पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघालं की दीड-दोन तासांच्या गडावर सूर्योदय मिळतो. ओझंही खालीच राहतं.

अंतराचा अंदाज किलोमीटरमध्ये करू नका. ओझ्यासह सपाटीवर तासाला तीन किलोमीटर आणि त्यात चढाईच्या दर ३०० मीटरला एक तास वेगळा मिळवा. म्हणजे नऊ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाई असेल तर पाच तास, विश्रांती सोडून. उतराईला वेळ कमी लागेल हा समज सह्याद्रीत चालत नाही. डिसेंबरात वाळलेलं गवत आणि त्याखालची सुटी मुरमाड माती यांचा घसारा तयार होतो, आणि खडी सोंड उतरायला चढण्याएवढाच वेळ लागतो. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो, तेव्हा पाचच्या आत मुक्कामाला पोहोचेल अशीच आखणी हवी.

नकाशाबद्दल एक इशारा. ५०,०००ला एक या प्रमाणाच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात उंचीच्या दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. १५ मीटरचा उभा कातळ त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. नकाशावर उतार सौम्य दिसतो आणि प्रत्यक्षात पाय कड्यावर येऊन थांबतात. 'इथून सरळ खाली गाव दिसतंय, उतरू या' या एका वाक्याने कितीतरी गट अडकले आहेत. थर जिथे फुटलेला आहे तिथूनच वाट असते: नाळेतून (कड्यातल्या अरुंद घळीतून), खिंडीतून किंवा दांडावरून. ती माहीत नसेल तर खाली उतरायचं नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. फोनमधला ट्रॅक घरूनच उतरवून घ्या आणि तो कुठल्या महिन्यात नोंदवलाय ते बघा. मे महिन्यात कोरड्या ओढ्यातून नेलेला ट्रॅक नोव्हेंबरात डोहात नेऊन सोडतो.

या सगळ्यातून गाळून तुमच्यासाठी माझी निवड: रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खिरेश्वर. तीन दिवस, दोन रात्री.

पहिल्या दिवशी सकाळी भंडारदऱ्याहून जलाशयाच्या कडेने रतनवाडीला या. मुंबईकडून कसारा-घोटीमार्गे येणं सोयीचं. अमृतेश्वराचं मंदिर बघायला अर्धा तास ठेवाच, त्यावरची कोरीव कामं घाईत बघण्यासारखी नाहीत. गडाची वाट प्रवरेच्या पात्राला धरून जंगलात शिरते. चढाई तीन ते साडेतीन तास. वर धारेवर वाट फुटते: उजवीकडची शिड्यांनी गडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. हा फाटा नीट लक्षात ठेवा, उद्या इथेच परत यायचंय. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, आणि सॅकला बाहेर लटकवलेली कॅरीमॅट आधी आडवीची उभी करून बांधा. ती आडवी अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. गडावर गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत. संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या नैसर्गिक भोकात जा. आरपार भोकातून एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कोकण, आणि अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई असा सगळा पट समोर येतो. नेढ्यात वारा सतत असतो, घामाने भिजलेल्या शर्टात बसू नका.

दुसरा दिवस सगळ्यात लांबचा. सातला गड सोडा. फाट्यावरून कात्राबाईच्या खिंडीपर्यंत दाट जंगल आहे आणि इथेच गट चुकतात, कारण ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. ढोरवाट ओळखायची खूण: ती पाण्याकडे किंवा मोकळ्या गवताकडे जाते, आणि झाडांच्या फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येऊ लागतात, कारण गुरं खालून जातात. माणसांच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं. पहिल्यांदाच जात असाल तर रतनवाडीचा वाटाड्या कुमशेतपर्यंत घ्या आणि त्याचे पैसे आदल्या दिवशीच ठरवा, परतीच्या प्रवासाचे धरून. खिंडीतून उतरून कुमशेतला पोहोचायला जेवणासह दुपार उलटते. तिथून मुळेच्या खोऱ्यातून पाचनईला चालत जाता येतं, पण तीन वाजून गेले असतील तर गावातून गाडी करा. यात कमीपणा नाही. हा टप्पा देखाव्याच्या दृष्टीने तसा साधाच आहे आणि तिसऱ्या दिवसासाठी पाय ताजे हवेत. मुक्काम पाचनईत, एखाद्या घरी. पिठलं-भाकरी मिळते, अंगणात तंबू लावू देतात.

तिसऱ्या दिवशी सहाला निघा. पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाची सगळ्यात सोपी वाट, दीड-दोन तासांत वरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर. सॅक तिथल्या एखाद्या टपरीवर ठेवून आधी कोकणकडा गाठा, कारण सूर्य पाठीशी असतानाचे तास तेच आहेत. मंदिर, पुष्करणी आणि केदारेश्वराची लेणी परत येताना. त्या लेण्यातलं पाणी हाडं गोठवणारं असतं. बाराच्या आत गड सोडा आणि टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरा, तीन-चार तास. या वाटेवर खिंडीच्या वरचा कातळटप्पा आहे, रेलिंग आहेत, पण सॅकसह उतरताना तोंड कातळाकडे करूनच उतरायचं. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खुबी फाटा पाच-सहा किलोमीटर; तिथे माळशेज घाटाच्या रस्त्यावर कल्याण आणि आळेफाट्याच्या एस.टी. मिळतात. या आखणीत कोकणकड्याचा सूर्यास्त हुकतो हे मान्य. तो हवाच असेल तर तिसरी रात्र काढा, तो बघून टोलार खिंड अंधारात उतरू नका.

एवढं लांब नको वाटलं तर राजगड-तोरणा बघा. गुंजवण्याहून चढून संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडायचं आणि धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं, सहा ते आठ तास. देखावा पूर्णवेळ दोन्ही बाजूंना असतो, म्हणूनच सावली आणि पाणी जवळजवळ नाही. राजगडावरच माणशी चार लिटर भरून निघा. मध्ये डांबरी रस्ता आडवा येतो, कोणी थकलं तर तिथून सुटका होते. शेवटची चढण थकलेल्या पायांवर येते आणि ती घसाऱ्याची आहे. राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्याजवळ मधमाश्यांची पोळी असतात: अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको.

शांतता हवी असेल तर तैलबैलाच्या जोड भिंती बघून सवाष्णीच्या घाटाने उतरून सुधागड. गडावरचा पंतसचिवांचा वाडा आणि भोराई देवीचं मंदिर ही मुक्कामाची जुनी, नामांकित ठिकाणं. चार दिवस मोकळे असतील आणि नाशिकच्या पुढे जायची तयारी असेल तर साल्हेर-सालोटा. १५६७ मीटरचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. वाघांब्याहून दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीत चढायचं. परशुरामाच्या मंदिरापाशी उभं राहिलं की सगळं बागलाण पायाखाली असतं. थंडी तिथे चांगलीच बोचते, शून्याच्या आसपास चालणारी स्लीपिंग बॅग न्या. अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट ही नावं या वर्षी घेऊ नका; पहिल्याला दोर आणि दोर लावणारा माणूस लागतो, दुसरीत तासन्‌तास सुट्या धोंड्यांतून चढाई आहे.

ओझ्याचं एकच माप सांगतो: पाण्यासह सॅक स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. खिचडीला चौघांत एका वेळेस ४०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम मूगडाळ पुरते. २३० ग्रॅमची गॅसची एक कुपी दोन रात्रींना चालते, पण वाऱ्याला आडोसा नसेल तर दुसरी लागते. तंबू माथ्यावर उघड्यावर लावू नका. कड्याच्या काठापासून आत, झाडोऱ्याच्या आड लावा.

ठिकाण पक्कं केल्यावर निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायथ्याच्या गावातल्या कुणाशी तरी फोनवर बोला. 'वाट चालू आहे का' असं विचारलंत तर 'हो' असंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: कुठल्या टाक्याचं पाणी पिता, या आठवड्यात वर कोण जाऊन आलं, रात्री राहू देतात का, शेवटची एस.टी. किती वाजता सुटते आणि रविवारी ती येते का. साप चावल्यास जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं तेही विचारून ठेवा, आणि चौघांची नावं, परतीची वाट आणि वेळ घरी लिहून द्या. रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर फोनला रेंज बराच वेळ नसते, म्हणून घरच्यांना सांगताना परतीच्या वेळेत सहा तास जास्तीचे धरा.